भूक की कंटाळा? भूक-कार्डाच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

काम सुरू झालं एकदाचं. खिशात मावेल असं छोटं कार्ड करायचंय. जेवणाची वेळ नसताना हात खाण्याकडे गेला की आधी कार्ड बघायचं, दोन-तीन प्रश्न स्वतःला विचारायचे आणि मग ठरवायचं. मजकूर मी लिहिणार, मांडणी मैत्रीण करणार आणि सगळं तपासायला आहारतज्ज्ञ ताई आहेत.

सुरुवातीला नेहमी दिसतो तो तक्ताच घेतलाय. डावीकडे 'पोटाची भूक', उजवीकडे 'मनाची भूक'. पोटाची हळूहळू येते, मनाची अचानक. पोटाची काहीही खाऊन भागते, मनाचीला एकच ठराविक पदार्थ हवा असतो. पोटाची खाल्ल्यावर थांबते, मनाची थांबत नाही आणि वर अपराधी वाटतं. हा तक्ता इतक्या ठिकाणी इतक्या वेळा वाचलाय की तो खरा आहे असं आपण धरूनच चालतो, म्हणून आता एकेक ओळ घेऊन ती शरीराच्या कामाशी जुळते का ते बघणार आहे, जुळली तर ठेवू नाहीतर काढू.

ताई पहिल्याच फोनवर म्हणाल्या, "कार्ड परवानगी देणारं नको हं. माणसाला भूक लागली आणि कार्डाने नाही म्हटलं, असं व्हायला नको." हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

९ जानेवारी

पोटाचं गुरगुरणं. सगळ्यांना वाटतं हीच पक्की खूण. १९१२ मध्ये वॉल्टर कॅनन आणि वॉशबर्न यांनी यावर प्रयोग केला होता. वॉशबर्नने स्वतः एक फुगा गिळला, नळीने तो फुगवला, म्हणजे पोट आवळलं की बाहेर कागदावर रेघ उमटणार, आणि भुकेची कळ आली की तो एक बटण दाबायचा. कळा आणि पोटाचं आकुंचन बऱ्यापैकी जुळलं. पण पुढे असंही दिसलं की ऑपरेशन करून पोट काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते. म्हणजे भूक फक्त पोटात नाही.

आणि गुरगुर तर पोट-आतडी रिकामी असताना साधारण दीड-दोन तासांनी साफसफाईची एक लाट फिरते तिचीही असते, जेवणानंतर अन्न आणि हवा पुढे सरकतानाही आवाज येतोच. त्यामुळे कार्डावर गुरगुर ठेवायची पण एकटी नाही. सोबत पोटात पोकळ वाटणं, अंगातली ताकद कमी झाल्यासारखी वाटणं, एकच ओळ परत परत वाचावी लागणं, उगाच चिडचिड, आणि दुसऱ्या खोलीतल्या स्वयंपाकाचा वास एकदम जाणवणं. काहींना पोटात काहीच कळत नाही, थेट डोकंच दुखायला लागतं, तेही लिहायचंय.

१३ जानेवारी

आज घ्रेलिन. पोटात तयार होणारं हे हार्मोन, १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या टीमने शोधलं. जेवणाआधी रक्तात वाढतं, जेवल्यावर उतरतं. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे, ते आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळा ओळखून वाढतं. म्हणजे रोज चारला काहीतरी खायची सवय असेल तर चारच्या सुमाराला भूक लागणारच. मग ती 'खोटी' का? शरीराने वेळ शिकून घेतलीय आणि त्याप्रमाणे तयारी करतंय, त्यात खोटं काहीच नाही.

दुसरं म्हणजे जेवणाची वेळ टळली आणि काहीच खाल्लं नाही तर घ्रेलिन वाढतच जात नाही, थोड्या वेळाने आपणहून उतरतं आणि पुढच्या जेवणाच्या वेळेला पुन्हा चढतं. 'भूक मेली' म्हणतो ना आपण, ते हेच. आणि तक्त्यात तर लिहिलंय की थोडं थांबा, निघून गेली तर ती मनाची भूक होती! अहो, पोटाची भूकही काही वेळ निघून जाते, आणि माणसाला वाटतं बघा मला गरजच नव्हती. ही ओळ या रूपात ठेवणार नाही. थांबायला हरकत नाही, दहा मिनिटं थांबून बघावं, पण थांबल्यावर काय बघायचं ते वेगळं लिहावं लागेल.

१८ जानेवारी

चाचणी गटाकडून पहिली कार्डं परत आली. ही नोंद मोठी होणार.

संध्याकाळच्या खाण्यासमोर जवळपास सगळ्यांनी 'मनाची भूक' वर खूण केलीय. काहींनी शेजारी लिहिलंय, कंट्रोल राहत नाही, दिवसभर नीट असते आणि संध्याकाळी सगळं बिघडतं. आता मैत्रिणीने कोपऱ्यात एक बारीकसा रकाना ठेवला होता, 'याआधी कधी आणि काय खाल्लं', खरं तर जागा उरली म्हणून. तो वाचला आणि सगळं चित्रच बदललं. सकाळी काही नाही. दुपारी कामाच्या गडबडीत चार घास. मग थेट संध्याकाळी सहा-सात. ही बाई सात-आठ तास जवळजवळ उपाशी आहे आणि आपल्याला भावनिक खाण्याचा प्रॉब्लेम आहे असं स्वतःला सांगतेय. डब्यावर तुटून पडणं, गोडच हवंसं वाटणं, थांबता न येणं, तक्त्याप्रमाणे ही सगळी मनाच्या भुकेची लक्षणं, पण इथे तर ती साध्या पोटाच्या भुकेतूनच आलीत.

१९४४-४५ चा मिनेसोटाचा प्रयोग यासाठीच वाचायला हवा. ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण घेतले, सगळे स्वेच्छेने आलेले, आणि त्यांना २४ आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवलं. मनाने खंबीर, निवडून घेतलेली माणसं ही. पण काही आठवड्यांत ती दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, एकेक जेवण बराच वेळ पुरवायची, ताटं चाटायची, उदास आणि चिडकी झाली. पुढे पोटभर मिळायला लागल्यावरही बराच काळ काहींचं समाधान होत नव्हतं, पोट गच्च भरलेलं तरी आणखी हवंच. ही मनाची भूक होती का? मनात दिसत होती एवढंच, लागली होती ती शरीराला. आपल्यापैकी जो सकाळचं खाणं टाळून 'आज डाएट' म्हणतो त्याचं संध्याकाळी होतं ते याचंच लहान रूप आहे असं मला वाटतं. २०११ च्या एका अभ्यासात दहा आठवडे खूप कमी कॅलरीचा आहार घेतलेल्या लोकांचं घ्रेलिन वर्षभरानंतरही आधीपेक्षा वरच होतं आणि भूकही जास्त लागत होती. शरीर विसरत नाही.

म्हणून ठरलं. कार्डावरचा पहिला प्रश्न भावनेचा नसणार. पहिला प्रश्न: 'शेवटचं पोटभर कधी जेवलात?' उत्तर चार-पाच तासांपूर्वी किंवा त्याही आधी असेल तर पुढचे प्रश्न वाचायचेच नाहीत, जेवायला बसायचं. ताईंना मेसेज केला, त्यांचा लगेच रिप्लाय, "हेच मी क्लिनिकमध्ये रोज बघते. आधी जेवणं नीट लावून द्यायची, भावनेचं त्यानंतर बघायचं. निम्म्या लोकांना त्यानंतर माझी गरजच उरत नाही."

२३ जानेवारी

कंटाळा. हा विषय मला वाटला होता त्यापेक्षा खोल निघाला.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा. लोकांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं, फोन नाही, पुस्तक नाही, नुसतं विचार करत बसायचं, आणि हाताशी एक बटण, दाबलं तर विजेचा झटका. हा झटका आधी देऊन दाखवला होता आणि तो टाळायला आम्ही पैसेही देऊ असं त्या लोकांनीच सांगितलेलं. तरी १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी एकदा तरी बटण दाबलंच. कंटाळ्यात माणसाला सुख हवं असतं असं नाही, काहीतरी घडायला हवं असतं. आणि घरात सगळ्यात पटकन घडवता येणारी गोष्ट म्हणजे खाणं.

त्यामुळे तक्त्यातली 'मनाच्या भुकेला ठराविकच पदार्थ हवा असतो' ही ओळ कंटाळ्याला लागूच पडत नाही. कंटाळलेल्याला काय हवंय ते त्यालाच माहीत नसतं. फ्रिज उघडतो, बघतो, बंद करतो, पाच मिनिटांनी परत उघडतो. उपाशी माणूस असं करत नाही, त्याला समोर दिसेल ते चालतं. कार्डांमध्येही हे स्पष्ट दिसतंय, दोन कामांच्या मधली फट, अवघड काम सुरू करायच्या आधीची दहा मिनिटं, मीटिंग संपल्यावर, आणि रात्री जेवणं झाल्यावर स्क्रीनसमोर. हात चालू, डोळे दुसरीकडे, चवीकडे लक्षच नाही.

मैत्रिणीने सुचवलं, 'आत्ता एकदम इंटरेस्टिंग काम आलं तर भूक विसराल का?' असा प्रश्न ठेवू. चांगला आहे पण अर्धाच. कारण कामात बुडालेला माणूस खरी भूकही विसरतो आणि काम संपल्यावर ती एकदम उसळते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'आत्ताच जेवलोय' असं असेल तरच हा दुसरा प्रश्न विचारायचा, या क्रमाने ठेवला तर चालेल.

आणखी एक सापडलं ते मला फार आवडलंय. १९९८ मध्ये पॉल रोझिन यांनी स्मृती गेलेल्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांना नवीन काहीच लक्षात राहायचं नाही. दुपारचं जेवण झालं, थोड्या वेळाने दुसरं जेवण समोर ठेवलं तर तेही खाल्लं, मग तिसरंसुद्धा खायला घेतलं. म्हणजे पोट भरल्याचं समाधान नुसतं पोटातून येत नाही, आपण जेवलोय ही आठवणही त्यात असते. मग स्क्रीनकडे बघत जेवलेलं जेवण नीट नोंदलंच गेलं नाही तर लवकर काहीतरी हवंसं वाटणारच की. म्हणून कार्डावर एक ओळ: 'मागच्या जेवणात काय काय होतं ते आठवा.' आठवलं तर उत्तम, आठवतच नसेल तर पुढचं जेवण तरी ताटाकडे बघून जेवा.

२९ जानेवारी

भावना. तक्त्यात 'स्ट्रेसमध्ये भूक वाढते' असं छापील वाक्य आहे, ते सगळ्यांना लागू नाही. एकदम धसका बसला की ॲड्रेनलिनमुळे भूक मरते, घशाखाली घास उतरत नाही. तोच ताण आठवडे-महिने रेंगाळला तर कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं हार्मोन) वर राहतं आणि बऱ्याच जणांना गोड-तेलकटाची ओढ लागते. पण काही जणांची भूक लांबलेल्या ताणातही कमीच होते. त्यामुळे दोन्ही लिहायचं, नाहीतर ज्याची भूक गेलीय त्याला वाटेल आपलं काही चुकतंय.

कार्डांवर लोकांनी काय लिहिलंय ते वाचून गलबलून आलं. फोनवर वाद झाला आणि मग खाल्लं. रात्री घरात कुणी नव्हतं. मुलं झोपली आणि दिवसभरातली माझी अशी पहिली वीस मिनिटं मिळाली, ती मी खाण्यात घालवते. या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. तिला भूक नाही, कंटाळाही नाही, तिला हक्काचा वेळ हवाय आणि खाणं हे त्या वेळेचं एकमेव तिकीट झालंय. तिला 'पाणी प्या, फिरून या' सांगून काय उपयोग?

यावरून मैत्रिणीशी थोडा वाद झाला. तिला मागच्या बाजूला उपायांची यादी हवी होती, अंघोळ करा, गाणी ऐका, दीर्घ श्वास घ्या. मी म्हटलं भावना कोणती ते कळल्याशिवाय उपाय देऊन उपयोग नाही, एकटं वाटणाऱ्याला माणूस हवं, थकलेल्याला झोप हवी, राग आलेल्याला तो बोलून मोकळं व्हायला हवं. शेवटी दोघींना पटलं ते असं, चार शब्द द्यायचे, राग, एकटेपणा, थकवा, काळजी, आणि पाचवी जागा रिकामी. 'कसंतरी होतंय' याच्या पुढे जाऊन नेमका शब्द शोधायचा. तो सापडला की काय हवंय ते बऱ्याचदा आपोआप कळतं.

ताईंना विचारलं की शब्द सापडला, भूक नाही हेही कळलं, आणि तरी खावंसं वाटलं तर? त्या म्हणाल्या, "तर खा. मन उदास असताना आवडीचं खाणं हा गुन्हा नाही गं. फक्त उदासीवर तेवढा एकच उपाय माणसाकडे असू नये." कार्डावर हे वाक्य त्यांच्याच शब्दांत घेणार आहे.

२ फेब्रुवारी

झोप, थोडक्यात. २००४ च्या एका छोट्या अभ्यासात १२ तरुण पुरुषांना दोन रात्री फक्त ४ तास झोपू दिलं तर भरपूर झोपेच्या तुलनेत घ्रेलिन २८ टक्के जास्त आणि लेप्टिन (चरबीच्या पेशींतून येणारं, भूक आवरणारं हार्मोन) १८ टक्के कमी भरलं. म्हणजे जागरणाच्या दुसऱ्या दिवशीची भूक मनाचीही नाही आणि अन्न कमी पडल्याचीही नाही. दोन रकान्यांत ती बसतच नाही. दोन रकाने जाणार बहुतेक.

६ फेब्रुवारी

'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही आपली म्हण म्हणजे अख्खी एक चाचणीच आहे. साधं, रोजचं, कौतुक नसलेलं जेवण आत्ता समोर आलं तर खाल का? हो असेल तर भूक आहे, जेवा. हा प्रश्न गटाला सगळ्यात जास्त आवडला, पटकन उत्तर मिळतं म्हणून.

पण 'नाही' या उत्तराचं काय करायचं यावर ताई अडून बसल्या आणि ते बरोबरच होतं. भरपेट जेवल्यावर गोड हवंसं वाटतं त्याला भावनेची गरज नाही. एकाच चवीचं खात गेलं की त्या चवीची गोडी कमी होते पण वेगळ्या चवीची तशीच राहते, बार्बरा रोल्स यांनी १९८० च्या दशकात हे नीट दाखवलंय. शिवाय जो बरेच दिवस मन मारून नुसतं सपक खातोय त्याला साधं जेवण नकोच वाटणार, भूक असली तरी. त्याच्या हातात ही चाचणी म्हणजे स्वतःला मारायची छडी होईल. म्हणून 'हो' असेल तर जेवा, 'नाही' असेल तर पुढचा प्रश्न वाचा, एवढंच. 'नाही म्हणजे खाऊ नका' असं कुठेही नाही लिहायचं.

जाता जाता एक नोंद. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी ३८ पदार्थ सारख्याच कॅलरीचे देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं. पांढरा ब्रेड १०० धरला तर उकडलेला बटाटा ३२३ आणि क्रोसाँ ४७. सारख्याच कॅलरी, तरी एवढा फरक! 'आत्ताच तर खाल्लं आणि परत भूक' म्हणणाऱ्यांनी आधी काय खाल्लं तेही बघायला हवं, प्रत्येक वेळी मनालाच दोष कशाला.

१० फेब्रुवारी

१ ते १० आकड्यांची भूक-पट्टी काढून टाकली. लोकांना चार आणि पाच यातला फरक कळेना, काहींना तर पट्टीवर आपण कुठे आहोत हेच सांगता येईना. शरीरातल्या खुणा ओळखण्याची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते, आणि वर्षानुवर्षं भूक दाबलेल्यांना ती नव्याने शिकावी लागते. आकड्यांऐवजी बोलण्यातली वाक्यं घातली: 'चिडचिड व्हायला लागलीय', 'जेवण हवंय', 'समोर आलं तर खाईन', 'काही नको', 'पोट तट्ट झालंय'. यावर सगळ्यांना पटकन बोट ठेवता आलं. पहिल्या वाक्यापर्यंत पोचूच नये, दुसऱ्यालाच जेवावं, हे मात्र खाली लिहायचंय.

१५ फेब्रुवारी

आज फक्त कार्ड कुणी वापरायचं नाही यावर काम. यात घाई नको म्हणून ताईंबरोबर समोरासमोर बसले.

डायबेटिस असलेले, म्हणजे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारे. एकदम भूक, हात थरथरणं, घाम, धडधड, म्हणजे साखर उतरलेली असू शकते. शक्य असेल तर लगेच मोजायची. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर साधारण १५ ग्रॅम पटकन चढणारी साखर घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. इथे दहा मिनिटं थांबून भावना शोधणं धोक्याचं आहे. ही ओळ ठळक आणि सगळ्यात वर.

वाढत्या वयाची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, यांची भूक वाढलेली असते आणि असायलाच हवी. स्टेरॉइडसारख्या काही गोळ्यांनी आणि मनाच्या आजारावरच्या काही औषधांनीही भूक खूप वाढते. त्यांनी औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलायचं.

आणि ज्यांना थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबताच येत नाही, नंतर लपवावंसं वाटतं, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललंय, त्यांच्यासाठी कार्ड पुरेसं नाही. याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानाच्या नियमावलीत तो स्वतंत्र आजार म्हणून आहे आणि त्यावर उपचार आहेत. जे मुळातच फार कमी खातात, वजनाच्या भीतीने भूक दाबतात, त्यांच्या हाती तर हे कार्ड देऊच नये, त्यांना न खायला आणखी एक कारण मिळेल.

२१ फेब्रुवारी

दुसऱ्या फेरीची कार्डं आली, मजकूर फायनल केला. दोन रकाने गेले. 'नंतर अपराधी वाटतं' ही ओळही गेली, कारण सतत डाएटवर असणाऱ्याला कडकडून भूक लागल्यावर जेवला तरी अपराधी वाटतं, त्यावरून भुकेबद्दल काहीच कळत नाही.

आता पुढच्या बाजूला असं आहे. शेवटचं पोटभर कधी जेवलात, चार-पाच तास झाले असतील तर जेवा. नसतील झाले तर मागच्या जेवणात काय होतं ते आठवा, पुरेसं होतं का? रात्री झोप झाली होती का? साधं जेवण आलं तर खाल का, हो तर जेवा. नाही तर दहा मिनिटं घ्या आणि बघा, काही घडायला हवंय की काही दुखतंय. दुखतंय तर कोणता शब्द? आणि मग ताईंचं वाक्य.

मागच्या बाजूला वर डायबेटिसची ओळ, खाली कुणी वापरू नये ते. मैत्रीण म्हणतेय मजकूर जास्त झालाय, अक्षर बारीक करावं लागेल. मी म्हटलं कार्ड थोडं मोठं कर पण अक्षर बारीक नको, हे चष्मा न लावताही वाचता यायला हवं, भूक लागलेली असताना चष्मा कोण शोधत बसणार. उद्या ती नवीन मापाचा नमुना काढून देणार आहे.